मॅडमनी हो म्हटलं नव्हतं

जलतरण तलावाचे पंप आणि फिल्टर मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. पाणी स्वच्छ असलं की पंपवाला कुणाला आठवत नाही, आणि डोळे चुरचुरायला लागले की सगळ्यांना आठवतो. असं ते काम. पण ही गोष्ट माझी नाही, शिट्टीमॅडमची आहे. माझा तिच्यात जो भाग आहे तो आला की सांगेन, टाळणार नाही.

शिट्टीमॅडम आमच्या तलावावर पोहायला शिकवत. गळ्यात काळी दोरी, दोरीला पितळेची शिट्टी. एक आखूड शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे माझ्याकडे बघा, आणि एक लांबलचक म्हणजे सगळे बाहेर. ती लांब शिट्टी वाजली की खाली पंपाच्या खोलीत मीसुद्धा उगाच उठून उभा राहायचो.

बाई रोखठोक. काठावर उभा राहून एखादा धिप्पाड माणूस "भीती नाही हो वाटत, पाणी जरा गार आहे" म्हणाला, की त्या म्हणत, "असं? मग त्या नालीत थुंकून दाखवा." भीतीने त्याच्या तोंडाला कोरड पडलेली, थुंकी येणार कुठून? "आता खरं बोला," मॅडम म्हणत, "म्हणजे सुरू करता येईल." आयांना त्यांनी शिकवलं, मग त्या आयांच्या मुलींना शिकवलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "विचारणारे आले होते हो, पण तेव्हा मी पाण्यात होते."

रोज तलाव उघडायच्या आधी त्या एकट्या दोन किलोमीटर पोहत. मी तेव्हा काठावर बसून पाण्यातलं क्लोरीन मोजत असे, म्हणून ते पोहणं रोज पाहायला मिळे. त्यांचा उजवा हात पाण्यात शिरताना शिंतोडा उडत नसे. आणि हात मागे ओढला की सगळं अंग असं पुढे जाई, जणू कुणी पलीकडून दोरी खेचतंय. वर्षातून एकदा त्या धरणाच्या या काठावरून त्या काठावर जात. शेजारून होडी चाले आणि होडीत त्यांची थोरली बहीण बसे.

या बहिणीला मी ताईच म्हणतो. मॅडमहून नऊ वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेली, तेव्हा मॅडम सहा वर्षांच्या होत्या. वेणी घालण्यापासून ताप उतरेपर्यंत उशाशी बसण्यापर्यंत सगळं ताईंनीच केलं. त्यांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भयंकर भीती. तरी दरवर्षी दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसत आणि बहिणीवरची नजर काढत नसत. ताई पोस्टात खिडकीवर होत्या. सही जुळली नाही तर परत पाठवण्याबद्दल त्यांची ख्याती. एकदा एका गृहस्थांना त्यांनी सांगितलं, "ही सही तुमची नाही." ते चिडले, "अहो बाई, मी स्वतः समोर उभा आहे!" ताई म्हणाल्या, "उभे तुम्ही आहात. सही तुमची नाही." दोघी बहिणी एकाच इमारतीत राहत, ताई खाली, मॅडम वर. ताईंचे यजमान हयात नव्हते.

मॅडम सत्तेचाळीस वर्षांच्या असताना उजव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीजवळ एक फोड आला. दाढ लागत असेल म्हणून त्यांनी दीड महिना काढला. मग दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली. फोड राहिला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवालात कॅन्सर निघाल्यावर दुसऱ्या, मोठ्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. तिथे पहिला प्रश्न, "तंबाखू?" मॅडम म्हणाल्या, "आयुष्यात एकच गोष्ट तोंडात धरली, ही शिट्टी. पितळेने होतो का?" डॉक्टर हसले नाहीत. कधी कधी काहीच कारण सापडत नाही, म्हणाले.

हे सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी कागदावर जबड्याचं चित्र काढून समजावलं. गालाचं आतलं अस्तर जाणार, खालच्या जबड्याच्या हाडाचा तुकडा जाणार, मानेतल्या गाठी काढणार. जी मोठी जागा रिकामी होईल ती तशीच सोडता येत नाही. सोडली तर लाळ मानेत उतरते, जखम सडते. म्हणून शरीरातूनच दुसरीकडून जिवंत मांस आणून तिथे बसवायचं. दोन वाटा. एक म्हणजे मांडीचा तुकडा, कातडीसकट आणि थोड्या स्नायूसकट, रक्तवाहिनीसह कापून आणायचा आणि मानेतल्या वाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली शिवायचा. दुसरी वाट जुनी आणि खात्रीची: छातीचा मोठा स्नायू. तो पूर्ण तोडत नाहीत. त्याची रक्तवाहिनी तशीच ठेवतात आणि मानेच्या कातडीखालून, हाडावरून वळवून तोंडापर्यंत चढवतात.

"हात चालतो का त्यानंतर?" मॅडमनी विचारलं.

"चालतो. जेवता येतं, केस विंचरता येतात. जोराने खाली आणि आत ओढायची ताकद मात्र कमी होते."

"म्हणजे पोहणं."

"म्हणजे तुमच्यासारखं पोहणं."

"मग छातीला हात लावायचा नाही. पाठीलाही नाही. मांडीचं घ्या, दोन्ही मांड्यांचं घ्या. तोंडाचं काय हवं ते करा, तोंडाने मी पोहत नाही."

डॉक्टरांनी सांगितलं की मांडीचा तुकडा शंभरात चार-पाच जणांचा टिकत नाही, तेव्हा छातीचीच वाट उरते. मॅडम म्हणाल्या, "तेव्हा मला उठवा आणि विचारा." आणि संमतीच्या कागदावर, जिथे छातीच्या स्नायूचा उल्लेख छापील होता, त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: छातीचा किंवा पाठीचा स्नायू मला विचारल्याशिवाय घेऊ नये. खाली सही. साक्षीदार म्हणून ताईंनी सही केली.

हे सगळं मला मॅडमनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, तलावाच्या काठावर पाय पाण्यात सोडून. मी चाळण्या धूत होतो. "पंपवाले," त्या म्हणाल्या, "ताई घाबरट आहे. ऐन वेळी डगमगेल. तुम्ही तिच्याजवळ राहा. मला विचारल्याशिवाय काही होऊ देऊ नका." मी म्हणालो, "नाही होऊ देणार." अगदी सहज म्हणालो, जसं कुणी पाणी मागितलं तर देतो म्हणतो.

ऑपरेशन दहा तास चाललं. पहिला दिवस नीट गेला. मॅडमच्या गळ्याला श्वासाची नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून बोलत. तोंडात मांडीचा तो तुकडा गालाच्या जागी शिवलेला. दर तासाला परिचारिका छोटी बॅटरी घेऊन आत बघायची, रंग गुलाबी आहे ना, आणि मधूनच सुईने टोचून लाल थेंब येतो का पाहायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी आणि ताई गेलो. मॅडमचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता. त्यांनी पाटी मागितली, मला वाटलं दुखतंय वगैरे लिहितील. लिहिलं, "क्लोरीन मोजलं का?" मी म्हणालो, मोजलं. मग ताईंसाठी लिहिलं, "घरी जाऊन झोप." ताईंनी पदराने पाटी पुसली. बस्स, त्या संध्याकाळी त्या पाटीवर एवढंच लिहिलं गेलं. मी शपथेवर सांगू शकतो, आणि पुढे सांगावंही लागलं.

तिसऱ्या दिवशी तुकडा जांभळा पडला. त्याच्या शिरेत गुठळी झाली होती. लगेच पुन्हा आत नेलं, शीर साफ करून पुन्हा जोडली आणि मॅडमना औषधावर झोपवून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो, तेव्हा ताई अतिदक्षता विभागाबाहेरच्या निळ्या खुर्चीवर बसलेल्या आणि सर्जन त्यांच्यासमोर उभे. मी जवळ गेलो. डॉक्टर म्हणत होते की तुकडा मेला, काढावा लागेल. काढल्यावर मानेतली मोठी धमनी जवळजवळ उघडी पडते. तिला लाळ लागली आणि ती फुटली, तर काही मिनिटांचा खेळ.

"छातीचा स्नायू घेतला तर तो धमनीवर पांघरुणासारखा बसतो," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांनी कागदावर लिहून दिलंय. झोपेचं औषध बंद केलं तर दुपारपर्यंत शुद्धीवर येतील, मानेने हो-नाही सांगू शकतील. तोवर पट्टी भरून ठेवू. धोका आहे, पण थांबता येईल. दुसऱ्या मांडीचाही एक प्रयत्न करता येतो. मी तो सुचवणार नाही, पण तो आहे."

ताई उठून उभ्या राहिल्या. "विचारायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तिने मला सांगून ठेवलंय. तशीच वेळ आली तर घ्या म्हणाली."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. पाटीवर लिहिलं."

 डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होतात?"

माझा भाग तो हा. मी होतो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहत होत्या, पण त्यांचा हात माझ्या हातातल्या डब्याच्या कडीवर येऊन बसला होता. मी मान हलवली. हो अशी. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे कित्येक दिवस मी मनाशी त्याचाच आधार घेत असे की बाबा, आपण बोललो तर काही नाही.

डॉक्टरांनी फाईल उघडली, दोन ओळी लिहिल्या. त्यांनाही ते ऐकायचं होतं असं मला आजही वाटतं. तहानलेल्याने पाणी कुठलं हे विचारू नये, तसं त्यांनी फार विचारलं नाही.

मॅडम शुद्धीवर आल्या तेव्हा छातीच्या उजव्या बाजूला खालपर्यंत टाके होते आणि गळ्याच्या हाडावर मनगटाएवढा जाड फुगवटा, मानेतून वर जाणारा. तोच तो स्नायू. त्यांनी डाव्या हाताने चाचपला, छातीवर हात नेला, पाटी मागितली. "विचारलं नाही?" ताई म्हणाल्या, "वेळच नव्हता गं. डॉक्टर धावत आले आणि नेलंच. एका मिनिटाचा उशीर झाला असता तर..." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण घट्ट करत होतो.

त्यांनी विश्वास ठेवला. ठेवणारच, ताई कधी खोटं बोलल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं.

मग किरणोपचार, सहा आठवडे. मग फिजिओथेरपी. भिंतीवर बोटांनी वर चढायचं, एक-एक वीट. मॅडम घरच्या भिंतीवर पेन्सिलने खुणा करत. खांद्याच्या उंचीपर्यंत हात गेला, त्यावर चार बोटं गेला आणि थांबला. बोलणं परत आलं, थोडं जड, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसं. गालाच्या आत आता छातीची कातडी. गरम-गार काही कळत नसे, घास तिकडे जाऊन बसला तर बोटाने काढावा लागे. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा निसटे, म्हणून शिट्टी वाजेना. पहिल्या दिवशी तलावावर आल्या तेव्हा फुंकून पाहिली, फुस्स झालं. मुलं हसली, त्यांनाही कळेना हसावं की नाही. मॅडम म्हणाल्या, "पंपवाले, एखादा लोखंडी पाइप द्या." मी वीतभर तुकडा कापून दिला. त्या तो कठड्यावर आपटत. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे माझ्याकडे बघा.

पाण्यात उतरल्या त्या दिवशी मी मुद्दाम पंपाच्या खोलीत गेलो. पण खिडकी होती आणि मला राहवलं नाही. चार हात मारले असतील. डावा ओढायचा, उजवा नुसता मागे वाहत यायचा. अंग डावीकडे वळे. तलावाच्या मधोमध त्या थांबल्या, पाठीवर झाल्या आणि तशाच काठाला आल्या. बाहेर येऊन टॉवेल घेतला आणि मला म्हणाल्या, "डॉक्टरांना वेळच मिळाला नाही, काय करणार. नशीब म्हणायचं." मी म्हणालो, "हो ना." हे दुसऱ्यांदा.

ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात तपासणी होती. मॅडम एकट्या गेल्या. डॉक्टरांनी गाल पाहिला, मान पाहिली, सगळं ठीक म्हणाले. मग कौतुकाने म्हणाले, "तुमच्या धीराचं मी विद्यार्थ्यांना सांगतो. आधी नाही म्हणून लिहून दिलंत, आणि पुन्हा विचार करून बहिणीला हो सांगून ठेवलंत. सगळ्यांना नाही जमत."

"मी काय सांगून ठेवलं?"

डॉक्टरांनी फाईल फिरवून त्यांच्यापुढे केली. दोन ओळी होत्या. रुग्णाने बहिणीला पाटीवर लिहून आधी संमती दिल्याचे बहीण सांगते. सोबतच्या गृहस्थांचा दुजोरा.

मॅडम तिथून थेट तलावावर आल्या. दुपारची, तलाव बंद असायची वेळ. मी फिल्टरची वाळू उलटी धूत होतो, मोटारीचा आवाज होता. त्यांनी येऊन स्वतः मोटार बंद केली.

"सोबतचे गृहस्थ म्हणजे तुम्हीच ना?"

मला खोटं बोलायचंच असतं तरी तोंडाला कोरड पडली होती. "हो," मी म्हणालो.

"पाटीवर मी काय लिहिलं होतं?"

"क्लोरीन मोजलं का."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, दोन-तीनदा. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "ताई माझी बहीण आहे. तिची माया आडवी आली असेल. तुम्हाला काय झालं होतं?" मी म्हणालो, तुम्ही मराल अशी भीती वाटली. "मग तसं सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. "मला उठवायचं आणि माझ्या तोंडावर सांगायचं, की मॅडम, भीती वाटते, हो म्हणा. मी काय भिंत होते?"

संध्याकाळी त्या ताईंच्या घरी गेल्या, आणि मलाही चला म्हणाल्या. साक्षीला नेतात तसं. ताई नुकत्या पोस्टातून आल्या होत्या, पर्ससुद्धा खांद्यावर होती. मॅडमनी दारातच विचारलं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि समजल्या. पर्स खुंटीला लावली. नाही म्हणाल्या नाहीत.

"हो. खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुझे भाऊजी 'बघू, बघू' म्हणत गेले. डॉक्टर हृदयाचं ऑपरेशन करा म्हणत होते, मी त्यांच्या 'हो'ची वाट बघत बसले. एकदा बसले, पुन्हा नाही बसणार. तू नाहीच म्हणाली असतीस."

"कदाचित."

"कदाचित कसलं? नाहीच!"

"कदाचित नाही म्हटलं असतं, ताई. कदाचित गळ्यात नळी, तोंडात सडलेलं मांस, समोर तू रडतेयस, हे बघून हो म्हटलं असतं. मला नाही माहीत. आणि आता कधीच कळणार नाही." मॅडमचं बोलणं जड झालं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यांनी रागाने पुसली. "तू माझा स्नायू नाही घेतलास. तो डॉक्टरांनी घेतला, वापरला, ठीक आहे. तू माझं उत्तर घेतलंस. आणि वर आठ महिने मला सांगितलंस की वेळच नव्हता. मी देवाला बोल लावत होते, ताई. नशिबाला लावत होते. आणि तू रोज मला मऊ भात कालवून देत होतीस."

"जिवंत आहेस म्हणून भांडतेयस!" ताई ओरडल्या.

"हो," मॅडम म्हणाल्या. "आणि भांडणारच."

लोकांची सही जुळत नाही म्हणून परत पाठवणारी बाई, मी न केलेली सही माझ्या नावाने खपवून आलीस, असंही त्या म्हणाल्या. ताई खाली बसल्या. 

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रुग्णालयाला पत्र लिहिलं. तक्रार नाही, नुकसानभरपाई नाही. एकच मागणी: माझ्या फाईलमध्ये लिहिलंय की मी हो म्हटलं. मी हो म्हटलं नव्हतं. हे दुरुस्त करा. डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, जुनं लिहिलेलं खोडता येत नाही, पण ज्यांनी सांगितलं त्यांनी लेखी दिलं तर खाली जोडता येईल. आणि स्वतःहून म्हणाले, "मी तुम्हाला दुपारपर्यंत उठवायला हवं होतं. मी सोपं उत्तर घेतलं. तेही मी लिहून जोडतो." माणूस म्हणून मला ते तेव्हा आवडले, आणि स्वतःची जास्त लाज वाटली.

मी त्याच आठवड्यात लिहून दिलं. पाटीवर काय होतं, मी मान कशी हलवली, सगळं. ताईंना दीड महिना लागला. त्या म्हणत, नोकरीतल्या माणसाने मी खोटं बोलले असं सहीनिशी लिहायचं? लोक काय म्हणतील? मॅडमनी त्यांना एकदाही आठवण केली नाही. वर-खाली राहत असून जिन्यात समोर आल्या तर भिंतीला सरकून वाट देत, परक्या बाईला देतात तशी. शेवटी एका सकाळी ताई एकट्याच रुग्णालयात आल्या. मॅडमना डॉक्टरांनी कळवलं होतं, मीही होतो. ताईंनी पेन काढलं, उभ्यानेच लिहिलं आणि कागद बहिणीपुढे सरकवला.

"माझ्या बहिणीने संमती दिली नव्हती. तिने दिली असे मी खोटे सांगितले. पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा खोटे सांगेन."

खाली सही, ताईंची, गोल, घोटीव.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, शेवटचं वाक्य खोडायला लावतील. त्यांनी कागद डॉक्टरांकडे दिला. "लावा फाईलला. निदान यात तरी सगळं खरं आहे." आणि उठून गेल्या. ताई तिथेच उभ्या होत्या. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "नऊ वर्षांची होते तेव्हापासून मी तिला उचलून घेतेय. ठेवायचं कधी, हे मला कुणी सांगितलंच नाही."

याला आता चार वर्षं झाली. मॅडम जिवंत आहेत, ठणठणीत आहेत. गळ्यावरचा फुगवटा बराच उतरला. त्या आता एका कुशीवर पोहतात, डाव्या हाताने ओढत. शैली म्हणून कुणी बघितलं तर चांगलीच वाटेल. ज्यांचा एक हात किंवा एक पाय नीट चालत नाही अशांचा वर्ग त्यांनी सुरू केला, तो त्यांच्या सगळ्या वर्गांपेक्षा जास्त भरतो. धरण पुन्हा पोहून गेल्या नाहीत. कुणी म्हटलं, आमच्या होडीतून सोबत करतो, तर म्हणतात, नको.

ताई निवृत्त झाल्या. रोज मऊ जेवणाचा डबा वरच्या दाराशी ठेवतात. पहिली दोन वर्षं मॅडम डबा घेत, धुऊन खाली ठेवत, दार वाजवत नसत. तिसऱ्या वर्षी एकदा डब्यात चिठ्ठी निघाली, "मीठ कमी आहे." ताईंनी ती चिठ्ठी मला आणून दाखवली, जसं कुणी बक्षीस दाखवावं. आता जिन्यात दोन शब्द होतात. भाजीचे, पाण्याच्या टाकीचे. ताईंना ते पुरतं असं त्या म्हणतात. मॅडमना मी विचारलेलं नाही.

माझ्याशी मॅडम बोलतात. नीट बोलतात, पंपवाले म्हणतात, क्लोरीन जास्त झालं तर रागावतात. मी पाय मुरगळून घरी होतो तेव्हा येऊन बसल्या होत्या. पण मला त्या काही सांगत नाहीत. गेल्या वर्षी त्या तीन दिवस आल्या नाहीत आणि मी समजलो की कुठे गावाला गेल्या असतील. चौथ्या दिवशी तिकीट खिडकीवरची बाई म्हणाली, "बरं झालं ना, मॅडमची गाठ साधी निघाली." कसली गाठ, मी विचारलं. मानेत दुसऱ्या बाजूला आली होती म्हणे, तपासायला पाठवली होती, न येण्याच्या आधीचे पंधरा दिवस त्या अहवालाची वाट बघत होत्या.

ते पंधरा दिवस रोज सकाळी मी काठावर बसून पाणी मोजत होतो, आणि त्या माझ्यासमोर पोहत होत्या.